मेडिटेशन ॲपमधलं 'संतवाणी' पॅक : दीड हजार भरावेत का?

ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. असली चार-पाच ॲप आहेत, थोड्याफार फरकाने सगळ्यांचं हेच चाललंय, मग एकालाच धुवून काय मिळणार. नेहमीसारखं मेडिटेशनचं ॲप आहे, पावसाचे आवाज, समुद्राचे आवाज, "आता खांदे सैल सोडा" वगैरे, आणि त्यात आता खास मराठी लोकांसाठी म्हणून संतवाणीचं वेगळं पॅक आलंय जे मूळ सबस्क्रिप्शनमध्ये धरलेलं नाही, त्याचे वर्षाला दीड हजाराच्या आसपास वेगळे भरायचे. मी भरले. कारण झोप. रात्री दोन-अडीचला डोळे टक्क उघडे, डोक्यात उद्याची मीटिंग, ईएमआय, लेकीच्या शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप, आणि ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली अगं घे की, त्या इंग्रजी बाईच्या गोड आवाजापेक्षा आपले तुकोबा काय वाईट. पटलं मला.

तीन कप्पे आहेत, 'पहाट', 'मधला विसावा' आणि 'निद्रा'. प्रत्येकात अभंग, ओव्या, थोडंसं निरूपण, मग दोन मिनिटं श्वासाकडे लक्ष द्या असं सगळं मिळून पाच ते वीस मिनिटांचे ट्रॅक. ज्ञानेश्वर, नामदेव, मुक्ताबाई, जनाबाई, एकनाथ, तुकाराम असे सगळे आहेत, एका कोपऱ्यात कबीर, लल्लेश्वरी, बसवण्णा पण आहेत. रेकॉर्डिंग एकदम स्वच्छ. ॲप हँग होत नाही, डाउनलोड करून ठेवता येतं, लोकलमध्ये नेटवर्क गेलं तरी चालतं. टेक्निकल तक्रार काही नाही, तिथे पूर्ण मार्क.

आणि एक गोष्ट त्यांनी खरंच लाखात एक केलीय ती आधी सांगते, म्हणजे पुढे मी जे बोलणारे त्यावरून बाई उगाच खार खाऊन आहे असं वाटायला नको. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाचा ट्रॅक. ध्यानाचा अध्याय आहे तो, योग करायला कुठे बसावं, कसं बसावं हे त्यात येतं. मूळ गीतेत जागेबद्दल काय तर स्वच्छ ठिकाणी आसन मांडावं, संपलं. पण माउलींनी त्या एवढ्याशा शब्दांवर अख्खं रान उभं केलंय, जिथे गेलं की "बैसलिया उठों नावडे", दाट झाडं, ती पण मुळासकट गोड, पावलापावलावर स्वच्छ पाणी, ऊन आहे पण तेही गारच, वारा अगदी मंद. मग म्हणतात जागा बहुतेक करून निःशब्द असावी, श्वापदांची गर्दी नको, पोपट नकोत, भुंगे नकोत. आता इथे कुठलाही शिस्तीचा माणूस थांबला असता. पण हे पंधरा-सोळा वर्षांचे कवी, नेवाशाला खांबाला टेकून सांगतायत, त्यांचं मन काही राहवत नाही, लगेच म्हणतात पाण्याजवळ हंस असले तर असू देत, दोन-चार सारस असू देत, एखाद्या वेळी कोकिळ येऊन बसली तरी चालेल, आणि मोर, आता ते सारखे नकोत, पण आले-गेले तर "आम्ही ना न म्हणों". किती गोड आहे हे! ध्यानाच्या जागेचे नियम सांगता सांगता मोराला मागच्या दाराने आत घेतलाय.

हा ट्रॅक एका वयस्कर बाईंच्या आवाजात आहे आणि मागे काहीही नाही, बासरी नाही, तानपुरा नाही. ओवी वाचतात, थांबतात, साध्या मराठीत दोन वाक्यात सांगतात, पुढची ओवी. घसा मध्येच थोडा बसतो त्यांचा, तो एडिट केलेला नाही. मी हा कितीदा ऐकलाय त्याला गणती नाही, आणि पॅकमधलं एवढं एकच जरी घेतलं तरी कोणीतरी मनापासून काम केलंय हे कळतं.

पण बाकीचं. बाकीच्यात काय झालंय की प्रत्येक अभंगाखाली तीच बासरी आणि तेच पाणी वाहतंय. झऱ्याचा आवाज, सगळीकडे तोच, तुकोबांना पण तोच आणि लल्लेश्वरीला पण तोच, म्हणजे देहू आणि काश्मीर एकाच नळावर. ते एक वेळ सोडून देऊ. खरी गडबड निवडीत आणि काटछाटीत आहे, ती मला आधी लक्षातच आली नव्हती, सासूबाईंमुळे आली.

त्या फलटणकडच्या, माळकरी, शाळा चौथीपर्यंत पण गाथा बऱ्यापैकी तोंडपाठ. संध्याकाळी ओट्याजवळ बसून मेथी निवडत होत्या आणि मी फोनवर 'वृक्षवल्ली' लावलं होतं, 'मधला विसावा' कप्प्यातलं, सगळ्यात जास्त ऐकला जाणारा ट्रॅक म्हणून वरतीच दिसतो तो. वृक्षवल्ली आम्हां सोयरीं झालं, येणें सुखें रुचे एकांताचा वास झालं, आकाश मंडप पृथिवी आसन झालं, आणि तिथून अभंग हळूच विरून पक्ष्यांची किलबिल सुरू, आता डोळे मिटा आणि तुम्ही जंगलात आहात असं समजा. सासूबाई मात्र थांबल्या नाहीत. मेथीच्या काड्या मोडता मोडता त्यांचं आपलं पुढे चालूच, कंथाकमंडलू, हरिकथा भोजन, आणि मग ठसक्यात "तुका म्हणे होय मनासी संवाद, आपुलाचि वाद आपणांसी". आणि मग मला म्हणाल्या, "का गं, मोबाईल मेला का? शेवटचं कुठाय?" मी म्हटलं आई, एवढंच आहे त्यात. तर म्हणाल्या, "मग काय उपेग? तिथंच तर सगळं हाय."

मी नंतर नीट वाचलं आणि खरंच तिथंच सगळं आहे. तुकोबा डोंगरावर गेले, झाडं सोयरी झाली, आभाळाचा मांडव झाला, एकांत आवडला, सगळं छान, आणि त्या एकांतात करतात काय तर स्वतःशीच वाद. डोळे मिटून गार पडून राहणं नाही. भंडारा, भामचंद्र या डोंगरांवर तो माणूस जात होता तो काही वीकेंडला रिलॅक्स व्हायला जात नव्हता, १६३०च्या आसपासच्या दुष्काळाने घर धुवून नेलेलं, पहिली बायको गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला, लोक दारात. आणि पुढे त्याच दुष्काळाबद्दल हा माणूस म्हणतो "बरें जालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली". हे असलं वाक्य झऱ्याच्या आवाजात उमलत नसतं. त्याच्या आधी किती रात्री स्वतःशी भांडण झालं असेल. तो भांडणाचा चरणच ॲपवाल्यांनी कापला कारण पाच मिनिटांच्या ट्रॅकमध्ये बसत नव्हता, किंवा कदाचित ऐकणाऱ्याला त्रास नको म्हणून.

मग मला तो नादच लागला. ट्रॅक ऐकायचा आणि गाथेत तपासायचं. घरी शासनाने छापलेली गाथा आहे, बाबांनी घेतलेली, १९५० साली सरकारने पहिल्यांदा काढली तिचीच पुढची आवृत्ती, साडेचार हजारांहून जास्त अभंग, अर्थबिर्थ काही नाही, नुसते अभंग आणि नंबर. त्यात बघितलं तर पॅकमधल्या तुकोबांच्या निवडीत एक सरळ हिशोब दिसतो. "आनंदाचे डोही आनंदतरंग" आहे. "मन करा रे प्रसन्न" आहे, ते तर असणारच. "लहानपण देगा देवा" आहे, आणि तोही ऐरावतापर्यंत न जाता आधीच गुंडाळलाय. पण "रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग, अंतर्बाह्य जग आणि मन" कुठेही नाही. तिन्ही कप्पे शोधले, सर्च मारला, नाही. "माझे लेखीं देव मेला, असो त्याला असेल" तर सोडाच, ते 'निद्रा'मध्ये टाकलं तर ग्राहक उठून बसेल. म्हणजे पोहोचल्यानंतरचे अभंग घेतलेत आणि वाटेतले सगळे गाळलेत. माणूस देवाला शिव्या घालतो, मनाला रागावतो, रडतो, स्वतःला पतित म्हणतो, लोकांना झापतो, आणि या सगळ्यातून एखादा आनंदाचा डोह येतो, तर यांनी तेवढा डोह बाटलीत भरून आणला आणि लेबल लावलं शांती. 'निद्रा' कप्प्यात ठेवलाय वर.

झोप येते का? येते. खोटं का बोला. आनंदाचे डोहीच्या तिसऱ्या आवर्तनाला माझा डोळा लागतो, नवरा तर पहिल्यालाच घोरतो. पण त्याच ॲपमधल्या फुकटच्या पावसाच्या आवाजानेही येते, ते पण मी करून बघितलं. मग वरचे दीड हजार कशाचे?

सोयराबाईंच्या बाबतीत जे केलंय ते मला जास्त लागलं. "अवघा रंग एक झाला" आहे पॅकमध्ये, 'पहाट'मध्ये, सुंदर गायलंय, पण नाव लावलंय चोखामेळ्यांचं. ती चोखोबांच्या बायकोची रचना आहे हो, सोयराबाईंची, एवढी प्रसिद्ध रचना, आणि शेवटी "म्हणे चोखियाची महारी" अशी त्यांची सही असते ती पण कापली म्हणून मग कोणाचंही नाव लावायला मोकळे. मी फीडबॅकमध्ये लिहिलं, "आपल्या सूचनेबद्दल आभार" असा मेल आला, बदल काही नाही अजून. पण नावापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. याच बाईंचा दुसरा अभंग आहे, "देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध", आणि मग त्या सरळ विचारतात "देहीचा विटाळ देहीच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म". विटाळ देहातच जन्मतो तर मग सोवळा कोण हो? ज्या बाईला देवळाच्या पायरीच्या आत पाऊल टाकू देत नव्हते ती बाई विचारतेय. आता अवघा रंग एक झाला हे कुणी म्हटलंय ते बघा. रंग वेगळे करून ठेवणाऱ्या लोकांमध्ये राहून म्हटलंय. दोन्ही अभंग शेजारी शेजारी ऐकले तर पहिल्याला वजन येतं, नाहीतर तो मग होळीच्या रीलमागे लावायच्या लायकीचा राहतो. पॅकमध्ये दुसरा नाही. 'नकारात्मक विचार दूर ठेवा' असं ॲपच्या पहिल्याच स्क्रीनवर लिहिलंय, त्यात बसला नसेल.

मुक्ताबाईंचा ट्रॅक आहे, ताटीचे अभंग. गोष्ट माहितीच आहे सगळ्यांना, ज्ञानदेवांना लोक काहीबाही बोलले, ते रागावले आणि झोपडीची ताटी आतून लावून बसले, आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून सांगतेय "विश्व रागें झालें वन्ही, संतें सुखें व्हावें पाणी", "ताटी उघडा ज्ञानेश्वरा". हा पण छान म्हटलाय, पूर्ण नाही पण निवडक ओळी ठीक आहेत. फक्त याच्या आधी जे सूचना देणारे गृहस्थ आहेत ते काय म्हणतात, "आता खोलीचं दार लावून घ्या, कोणी त्रास देणार नाही याची खात्री करा". मी बसमध्ये मोठ्याने हसले. अहो, ती पोर दारावर धडका मारतेय दार उघड म्हणून, आणि तुम्ही आम्हाला दार लावायला लावताय! हे लिहिणाऱ्याने अभंग वाचला होता का असा प्रश्न पडतो. ज्ञानदेव आत बसले असते तर त्यांना शांतता मिळालीही असती, कुणी बोलायला नाही, काही नाही. बहिणीला ती शांतता नको होती. तिला भाऊ पाणी व्हायला हवा होता, आणि आग बाहेर लागलेली असताना पाणी घरात ठेवून काय करायचं.

असाच प्रकार 'मौन' नावाच्या ट्रॅकचा. तीन मिनिटं काहीही वाजत नाही. पैसे भरलेल्यांनाच उघडतो बरं का, कुलूप आहे त्याला. मला चांगदेवांचं कोरं पत्र आठवलं. म्हणजे चांगदेवांना ज्ञानदेवांना पत्र लिहायचं होतं पण मायना काय लिहावा, वयाने लहान म्हणून आशीर्वाद की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार, ते काही सुचेना म्हणून कागद कोराच पाठवला, आणि तो बघून मुक्ताबाई म्हणाली की चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. मग निवृत्तिनाथांनी सांगितलं आणि ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं, तीच चांगदेव पासष्टी. पासष्टी पॅकमध्ये नाही. कोरा कागद आहे.

कबीराच्या कोपऱ्याबद्दल थोडं. दोहे आणि काही निर्गुणी भजनं आहेत, सगळी कानात कुजबुजल्यासारखी गायलीत, श्वासच जास्त ऐकू येतो. आपल्याकडे निर्गुणी भजन म्हटलं की कुमारजींचा, म्हणजे कुमार गंधर्वांचा आवाज कानात असतो ही माझी अडचण असेल. टीबीमुळे हा माणूस १९४८ला देवासला जाऊन राहिला, काही वर्षं गाणंच बंद, आणि तिकडे माळव्यात नाथपंथी जोग्यांचं गाणं कानावर पडलं त्यातून पुढे ती निर्गुणी भजनं आली. त्यात मऊपणा कुठे आहे? सूर असा येतो की भिंतीत खिळा ठोकावा, आणि त्यानंतर जी जागा रिकामी सुटते तिथे खरं काय ते आहे. कुजबुजून ते होत नाही. ॲपवाल्यांना हक्क वगैरे परवडले नसतील, समजू शकते, पण मग निदान गळा मोकळा सोडून गाणारा कोणी बघायचा.

बसवण्णांचं मात्र चांगलं जमलंय. श्रीमंत लोक देऊळ बांधतील, मी गरीब काय करू, माझे पायच खांब, देहच देऊळ, डोकं हाच सोन्याचा कळस, हे वचन मूळ कन्नडमध्ये एकदा आणि मग मराठीत, आणि शेवटची स्थावर नाश पावतं, जंगमाला नाश नाही ही ओळ चक्क ठेवलीय, आणि त्याला लागूनच एकनाथांचं "काया ही पंढरी आत्मा हा विठ्ठल". बारावं शतक आणि सोळावं शतक, कर्नाटकातलं बसवकल्याण आणि पैठण, नकाशावर फार लांब नाहीतच ते. ही जोडी ज्याने लावली त्याला पगारवाढ द्या आणि बाकीचं पॅक पण त्याच्याच हातात द्या.

आता ते पॉइंटचं. रोज ऐकलं की 'शांती पॉइंट' मिळतात, सलग ऐकलं तर दिवा पेटतो, एक दिवस चुकला की दिवा विझतो आणि रात्री अकराला नोटिफिकेशन येतं "आज तुमचं मन अजून शांत झालेलं नाही". लेकीला कसंबसं झोपवलंय, अंधारात फोन चमकतो, ती उठते, मग कसलं शांत मन. हरिपाठात पहिल्याच अभंगात काय आहे, "देवाचिये द्वारी उभा क्षणभरी, तेणें मुक्ति चारी साधियेल्या". क्षणभर. हजेरीपट नाही, दिवा नाही, आणि "पुण्याची गणना कोण करी" असं तर स्पष्टच विचारलंय, पॉइंट मोजणाऱ्यांना आधीच उत्तर देऊन ठेवल्यासारखं. त्याच अभंगात "असोनि संसारी" पण आहे, म्हणजे नोकरी, ईएमआय, शाळेचा ग्रुप सगळं धरून. तुकोबा पण सांगतात "न लगती सायास जावें वनांतरा", उगाच रानात जाऊ नका म्हणून, आणि आम्ही पैसे देऊन कानात रान वाजवतोय.

हरिपाठ पॅकमध्ये आहे, पण निवडक, चार-पाच अभंग, संथ. आमच्या कॉलनीमागच्या विठ्ठलमंदिरात संध्याकाळी होतो तो सगळा सत्तावीस अभंगांचा, टाळ, पखवाज, आणि मध्ये पावल्या. सासूबाईंना सोडायला जात होते म्हणून मी पण बसायला लागले. आवाज म्हणाल तर कान बधिर होतील इतका. पुढचे काका टाळ असा वाजवतात की माझ्या दाताला कळ येते. पहिले तीन-चार अभंग माझं डोकं ऑफिसातच असतं, अमक्याने तो मेल सीसी का केला. मग कधीतरी, म्हणजे कधी ते सांगता येत नाही, तोंड म्हणत असतं, हात टाळ्या वाजवत असतात, दम लागलेला असतो आणि मेल गेलेला असतो. कुणी डोळे मिटायला सांगितलेलं नसतं. शेजारच्या आजी मध्येच उठून गॅस बंद केला का बघायला घरी फोन लावतात आणि परत येऊन बरोबर त्याच चरणाला धरतात. मला वाटतं संतांची जी काय शांती आहे ती या असल्या गोंगाटात, कामात, माणसांत, भांडणातच मुरलेली आहे, जनाबाईंच्या जात्यात, सावतोबांच्या कांदा-मुळ्यात, आणि तिथून उचलून हेडफोनमध्ये आणली की तिचं झोपेचं औषध होतं. औषध वाईट नाही. मला लागतं कधी कधी. पण मग बाटलीवर औषध असं लिहा.

विपश्यनेला जाऊन आलेले लोक म्हणतील मौनात पण खूप काही होतं. होत असेलच, तिथे दहा दिवस माणूस खरंच गप्प बसून स्वतःशी झुंजतो, ती वेगळी आणि कष्टाची वाट आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण पाच मिनिटांच्या ट्रॅकशी आहे.

तर घ्यावं का? परदेशात असाल, आसपास हरिपाठ, भजन काही नसेल, पोरांच्या कानावर ओव्या पडाव्यात असं वाटत असेल तर घ्या, त्या सहाव्या अध्यायासाठी आणि बसवण्णा-एकनाथ जोडीसाठी पैसे वसूल आहेत, फक्त शेजारी गाथा ठेवा आणि ट्रॅक संपला की उरलेले चरण स्वतः म्हणा. झोपेसाठी घेणार असाल तर फुकटचा पाऊस वापरा. आणि यातलं काहीच माहीत नसेल, अभंग म्हणजे फक्त टीव्हीवर आषाढीला लागतात ते एवढंच असेल, तर ॲपने सुरुवात करू नका असं मी म्हणेन, कारण मग तुम्हाला वाटेल की तुकोबा कायम खुशीत असायचे. आळंदीला, देहूला, पंढरपूरला देवळाबाहेर हरिपाठाचं छोटं पुस्तक मिळतं, वडापावाच्या पैशात, त्यात बहुतेक वेळा नाथांचा, नामदेवांचा, निवृत्तिनाथांचा हरिपाठ पण असतो. छपाई यथातथा असते आणि पिन गंजते, पण चरण पूर्ण असतात. गाथा सार्थ घ्यायची असेल तर दुकानात उभं राहून आधी "माझे लेखीं देव मेला" काढा आणि खालचा अर्थ वाचा. काही पुस्तकांत तो इतका गुळगुळीत करून टाकलेला असतो की देव मेलाय की सुट्टीवर गेलाय तेच कळत नाही, तसं असेल तर ते पुस्तक ठेवून द्या. मूळ अभंग वाचताना अडलं तर घरात, शेजारी कोणीतरी माळकरी असतंच, त्यांना विचारा, दोन मिनिटांचं विचारायला जाल आणि तासभर अडकाल ते वेगळं.

ॲप बनवणारे हे वाचत असतील तर तीनच मागण्या. अभंग शेवटपर्यंत द्या, "तुका म्हणे" कापू नका. सोयराबाईंचं नाव लावा. आणि ते रात्री अकराचं नोटिफिकेशन बंद करा, सेटिंगमध्ये त्याला बटणच नाहीये.

पाचपैकी अडीच स्टार, त्यातला दीड त्या वाचणाऱ्या बाईंचा. मी रिन्यू करणार नाही. ज्यांनी ट्रायल घेतलीय त्यांच्यासाठी, ॲपमधलं कॅन्सलचं बटण नुसतं "आम्हाला तुमची आठवण येईल" म्हणतं आणि परत होम स्क्रीनवर नेतं, प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन कॅन्सल करावं लागतं, आणि शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, माझे पैसे आदल्या रात्रीच कटले.